अंधारखोलीतून टपालपेटीत

रायगड जिल्ह्यातल्या तळगडाच्या कातळावर पडलेलं सकाळचं ऊन भिंगातून फिल्मवर उतरतं. फिल्म धुतली की निगेटिव्ह तयार होते. रात्री अंधार केलेल्या खोलीत त्या निगेटिव्हमधून पुन्हा प्रकाश सोडला जातो आणि तो एका कागदावर पडतो. डेव्हलपरमध्ये घातला की त्या कोऱ्या कागदावर बुरूज, टाकी, खालची खाडी हळूहळू दिसू लागतात. कागद वाळला की त्याच्याच पाठीवर पत्ता लिहायचा, तिकीट लावायचं आणि गडाखालच्या तळा गावच्या पोस्टात तो टाकायचा. ज्या कागदानं प्रकाश झेलला तोच कागद पोस्टमन दुसऱ्या टोकाच्या दारात नेऊन देतो. मध्ये छापखाना नसतो आणि प्रतीची प्रतही नसते. एका माणसानं हातानं घडवलेली मूळ वस्तू किरकोळ टपालखर्चात देशभर, जगभर जाते, आणि ती उघडीच जाते.

अशी कार्डं एकमेकांना पाठवणारी हौशी मंडळी आजही जगभर आहेत. त्यांची रीत साधी आहे. एक जण नावं-पत्ते गोळा करून यादी करतो, मुदत ठरवतो, आणि यादीतला प्रत्येक जण इतर प्रत्येकाला स्वतः छापलेलं एक कार्ड पाठवतो. वीस जणांची यादी असेल तर प्रत्येकानं एकोणीस कार्डं करायची. एका फेरीत ३८० कार्डं टपालात पडतात आणि प्रत्येकाच्या घरी एकोणीस येतात. पैशांची देवघेव नाही, स्पर्धा नाही, परीक्षक नाही. घेण्याइतकं द्यायचं, आणि दिलेलं स्वतःच्या हातचं असायचं, एवढी एकच अट. ही अट फार मोलाची आहे असं मला वाटतं, कारण एकच निगेटिव्ह एकोणीस वेळा छापताना जे शिकायला मिळतं ते एकदा छापून कधीच मिळत नाही. आकाशाला थोडा जास्त प्रकाश द्यावा की तटाच्या सावलीवर हात धरून तिथला प्रकाश कमी करावा, हा निर्णय प्रत्येक कार्डावर नव्यानं घ्यावा लागतो. म्हणून एकोणीस कार्डं एकोणीस तऱ्हेची उतरतात.

ही देवघेव पोस्टकार्डापेक्षा जुनी आहे, आणि तिच्या इतिहासात मुंबईचं स्थान बरंच वरचं आहे. १ ऑक्टोबर १८५४ पासून सगळ्या हिंदुस्थानासाठी टपालाची तिकिटं निघाली. त्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले एक कर्ते सभासद. भाऊ दाजी अजिंठ्याचे शिलालेख वाचत होते त्या काळात घरातला दुसरा भाऊ काचेच्या प्लेटवर माणसांच्या आणि वास्तूंच्या प्रतिमा उतरवत होता. या सोसायटीच्या आश्रयानं विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात एक मासिक चित्रसंग्रह काढला. हिंदी हौशी छायाचित्रकारांचा आल्बम असंच त्याचं नाव होतं. दर अंकात तीन फोटो आणि सोबत माहितीचा मजकूर. फोटो छापखान्यात छापण्याची सोय तेव्हा नव्हती. त्यामुळे प्रत्येक वर्गणीदारासाठी प्रत्येक फोटो वेगळा, निगेटिव्ह कागदावर दाबून उन्हात धरून उतरवावा लागे आणि मग अंकाच्या पानावर चिकटवावा लागे. मुंबईच्या उन्हात छापलेले ते कागद हीच आपल्याकडच्या हातकामाच्या फोटो-वाटपाची पहिली ठळक नोंद मानायला हवी.

लंडनमध्ये १८५५ सालीच फोटोग्राफिक एक्स्चेंज क्लब निघाला होता. सभासद एकमेकांना आपले फोटो देत आणि त्यांचे आल्बम बांधले जात. अमेरिकेत १८६१ साली हौशी मंडळींनी काढलेल्या क्लबाचा नियम तर थेट आजच्या यादीसारखाच होता. प्रत्येक सभासदानं एक महिना सोडून एक महिना, १५ तारखेच्या आत, इतर प्रत्येक सभासदाला आपण तयार केलेलं किमान एक स्टिरिओ छायाचित्र पुठ्ठ्यावर चढवून पाठवायचं. त्यात इंजिनिअर होते, खगोलशास्त्रज्ञ होते, चित्रकार होते. यादवी युद्ध चालू असताना हा क्लब सुरू झाला आणि दोन-तीन वर्षांत विरला. त्यातली काही कार्डं आज संग्रहालयांत आहेत. ती पुढून पाहावीत तितकीच उलटूनही पाहावीत, कारण कोणती प्लेट, किती वेळ प्रकाश दिला, कोणत्या पद्धतीनं छापलं, अशा नोंदी पाठीमागे सापडतात. ही कला शिकवणाऱ्या शाळा फारशा नव्हत्या तेव्हा ही पाठच शाळेचं काम करत होती.

पोस्टकार्ड आलं ते नंतर. १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीनं पहिलं सरकारी कार्ड काढलं. हिंदुस्थानात ते १ जुलै १८७९ रोजी आलं, किंमत पाव आणा. कोकणातल्या घरांत कार्डानं काय काय आणलं हे इथल्या कुणालाही सांगावं लागत नाही. मुंबईच्या गिरणीत काम करणाऱ्या चाकरमान्याचं ‘सुखरूप पोचलो’, मनिऑर्डर पाठवल्याची खबर, लग्नाचं हळदीकुंकू लावलेलं बोलावणं, आणि वाचून लगेच फाडून टाकायचं ते दुःखाचं कार्डही.

फोटो आणि कार्ड एकत्र यायला एका कागदाचं निमित्त झालं. लिओ बेकलंड या बेल्जियन रसायनशास्त्रज्ञानं अमेरिकेत ‘व्हेलॉक्स’ नावाचा कागद तयार केला आणि १८९९ साली त्याचे हक्क कोडॅकला विकले. पुढे बेकलाइट शोधणारा बेकलंड तो हाच. हा कागद इतका मंद होता की गॅसच्या दिव्याची ज्योत बारीक करून साध्या खोलीत तो हाताळता येई आणि ज्योत मोठी करून त्यावर फोटो छापता येई. १९०२ च्या सुमारास कोडॅकनं पाठीवर पोस्टकार्डाची चौकट छापलेला असा कागद विकायला काढला. १९०३ साली तीन-ए नावाचा घडीचा कॅमेरा आला. त्याची निगेटिव्ह सव्वातीन बाय साडेपाच इंचांची, म्हणजे जवळजवळ कार्डाएवढीच. निगेटिव्ह कागदावर ठेवायची, काच दाबायची, दिवा लावायचा, की कार्ड तयार. निगेटिव्ह मोठी करून छापणाऱ्या एन्लार्जरची गरजच उरली नाही. ब्रिटननं १९०२ साली आणि अमेरिकेनं १ मार्च १९०७ पासून पत्त्याच्या बाजूच्या अर्ध्या भागात मजकूर लिहायला परवानगी दिली. पुढची बाजू पूर्णपणे चित्राला मोकळी झाली. जून १९०८ ला संपलेल्या वर्षात अमेरिकेच्या टपालातून ६७ कोटींहून जास्त कार्डं गेली. त्यातली बहुतेक छापखान्यातली होती, पण गावच्या फोटोग्राफरनं आणि घरच्या हौशी माणसानं छापलेल्या खऱ्या फोटोंचा वाटाही मोठा होता. पूर आला, नवं दुकान उघडलं, घोडा विकत घेतला, की त्याचं कार्ड निघे.

आपल्याकडे मुंबईत चित्रकार्डांचा धंदा याच काळात भरात होता. महादेव विश्वनाथ धुरंधरांनी कार्डांसाठी मुंबईच्या माणसांची चित्रं रंगवली, आणि ती शिळाछापावर हजारोंनी निघाली. सुंदर काम आहे ते. पण या लेखाचा विषय असलेली वस्तू त्याहून वेगळी आहे हे भिंग घेऊन लगेच ओळखता येतं. छापील कार्डावर ठिपके किंवा शिळेचा खरबरीत पोत दिसतो. खऱ्या फोटोकार्डावर छटा सलग असतात, कितीही मोठं करून पाहा. जुन्या कार्डाच्या गडद भागात तिरप्या उजेडात चंदेरी झाक दिसली तर ते चांदीचं काम, याबद्दल बहुधा शंका राहत नाही.

कागद स्वस्त म्हणून कार्ड, या साध्या कारणातून मोठी कलाही निघाली. आंद्रे कर्तेझ हा हंगेरियन तरुण १९२५ साली पॅरिसला आला. हातात पैसा नव्हता. पाठीवर कार्त पोस्ताल असं छापलेला कागद स्वस्तात मिळे, म्हणून पुढची तीन-चार वर्षं तो त्यावरच फोटो छापत राहिला. कॅफेत मित्रांना दाखवले, घरी हंगेरीला पाठवले. चित्रकार मोंद्रियानच्या घरातला जिना आणि फुलदाणी यांचा त्याचा १९२६ चा प्रसिद्ध फोटो त्याच काळातला. कर्तेझची ही तळहाताएवढी कार्डं पाहताना लक्षात येतं की लहान आकारानं त्याला काटेकोर केलं. कागदाच्या कडेपर्यंत जाण्याऐवजी तो कित्येकदा चित्र आणखी कापून लहान करी आणि भोवती पांढरी जागा सोडी. अमेरिकन छायाचित्रकार वॉकर इव्हान्सला लहानपणापासून कार्डं जमवायचा नाद होता. त्यानं जमवलेली सुमारे नऊ हजार कार्डं आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. १९३६ साली त्यानं स्वतःचे काही फोटोही कार्डाच्या कागदावर छापून पाहिले.

महाराष्ट्रात या परंपरेनं जी खूण सोडली ती स्टुडिओच्या दरफलकावर. पासपोर्ट, पोस्टकार्ड, कॅबिनेट हे तिथले आकार. ‘पोस्टकार्ड साइझ’चा कृष्णधवल फोटो म्हणजे मुलीचा पाहण्याचा फोटो, पाकिटात घालून स्थळाकडे पाठवायचा आणि जमलं नाही तर परत मागवायचा. कोकणातल्या जुन्या ट्रंकांमध्ये असे फोटो अजून निघतात. त्यांच्या मागे स्टुडिओचा शिक्का असतो, कधी शाईनं लिहिलेलं नाव आणि साल. हाताशी सामानही देशी होतं. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ माल होता, आणि बडोद्याला बनणारा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा घरोघरी होता. त्या कॅमेऱ्यात १२० ची फिल्म घालून चौरस बारा फोटो निघत. इंदूचं उत्पादन थांबलं, स्टुडिओंच्या डार्करूम बंद झाल्या, एन्लार्जर भंगारात गेले. आज कागद बाहेरून येतो. इंग्लंडची इल्फर्ड कंपनी पाठीवर पोस्टकार्डाच्या रेघा छापलेला जाड कागद काढत आली आहे. हा कागद सहा बाय चार इंचांचा. भारतीय टपालाच्या खासगी कार्डासाठीची कमाल लांबी १५ सेंटिमीटर आणि रुंदी १०.५, किमान १४ आणि ९. सहा इंच म्हणजे १५.२४ सेंटिमीटर. तेव्हा एका बाजूनं पट्टी ठेवून तीन मिलिमीटर कापून टाकलेले बरे.

आता खोलीत काय घडतं ते नीट सांगायला हवं, कारण खरा चमत्कार तिथं आहे. कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. प्रकाश पडला की त्यातल्या काही स्फटिकांत चांदीचे मोजके, चार-पाच अणू मोकळे होऊन एकत्र येतात. एवढ्यानं डोळ्यांना काहीच दिसत नाही. कागद पांढराच असतो. पण डेव्हलपर अशा खूण झालेल्या स्फटिकालाच पकडतो आणि तो संपूर्णपणे चांदीत बदलतो. मूळ खुणेची ही वाढ कोट्यवधी पटींची असते. खूण नसलेला शेजारचा स्फटिक तसाच राहतो. आपण चित्रातला काळा रंग म्हणतो ती ही बारीक चांदी. उरलेले स्फटिक तसेच ठेवले तर उजेडात काळे पडतील, म्हणून हायपोत, म्हणजे फिक्सरमध्ये, विरघळवून काढायचे. हायपोचा हा गुण शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांना १८१९ सालीच ठाऊक झाला होता. फोटोग्राफी जन्माला यायच्या वीस वर्षं आधी.

प्लॅस्टिकचा लेप असलेला कागद डेव्हलपरमध्ये साधारण एक मिनिट, मग आम्लाच्या पाण्यात क्षणभर, ताज्या फिक्सरमध्ये अर्धा मिनिट, आणि वाहत्या पाण्यात दोन मिनिटं. नुसत्या धाग्याच्या जुन्या पद्धतीच्या कागदाला धुवायलाच तासभर लागतो आणि वाळताना तो वळतो. पण त्याच्या पाठीवर टाक छान चालतो आणि टपालाचा शिक्का नीट बसतो. कार्डासाठी मला तोच जास्त आवडतो. लेपाच्या कागदावर शिक्क्याची शाई वाळत नाही आणि पुढच्या कार्डावर तिचा डाग उमटतो.

तळ्यासारख्या गावात या कामाला खोली शोधावी लागत नाही. जुन्या घराचं माजघर दिवसाही अंधारं असतं, रात्री दारं लावून फटींना काळं कापड लावलं की पुरे. लाल दिवा, तीन ट्रे, निगेटिव्ह दाबायला एक स्वच्छ काच. खरी अडचण पाणी आणि हवा यांची. औषधांचे सगळे तक्ते २० अंश तापमान धरून केलेले असतात, आणि एप्रिल-मेमध्ये इथल्या टाकीतलं पाणी तिशीला टेकलेलं असतं. अशा पाण्यात डेव्हलपर घाईनं काम करतो, छटा कळेनाशा होतात, आणि जिलेटिन इतकं मऊ पडतं की बोटाच्या टोकानं चित्र खरवडलं जातं. उपाय जुनेच आहेत. ट्रेखाली बर्फाच्या पाण्याची परात ठेवायची, काम पहाटे करायचं, विहिरीचं पाणी घ्यायचं. पावसाळ्यात मात्र उपाय थकतात. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि हवेतली ओल जिलेटिन शोषून घेतं. समोरासमोर ठेवलेली दोन कार्डं एकमेकांना चिकटतात. निगेटिव्हवर बुरशीच्या नक्षीचे ठसे उमटतात आणि ते कधीच जात नाहीत. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवणं आणि दोन कार्डांमध्ये साधा कागद घालणं इथं ऐच्छिक नाही.

विषयाची मात्र इथं कमी नाही. तळ्याजवळच मांदाड खाडीच्या बाजूला कुडे लेणी आहेत, सव्वीस बौद्ध गुंफा. ग्रीक भाषेतल्या ‘पेरिप्लस’ या व्यापारी प्रवासवर्णनात आलेलं मंदगोरा बंदर म्हणजे हे मांदाड, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. कुड्याच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आणि धंदे कोरलेले आहेत. स्थानिक महाभोज घराणं त्यात आहे. पण त्याच्याबरोबर वैद्य आहे, माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, आणि महाभोजाच्या पदरी असलेला लेखक शिवभूती आहे. कुणी पूर्ण लेणं दिलं, कुणी पाण्याचं टाकं. हे सगळं कृष्णधवल फोटोत विलक्षण दिसतं, कारण तिथल्या दगडाला रंग फारसा नाही, पोत आहे. सहाव्या लेण्याच्या दर्शनी भागातले हत्ती तिरप्या उन्हात उठून दिसतात. आत विहारात मात्र प्रकाश इतका थोडा की तिकाटणं लावून कित्येक सेकंद शटर उघडं ठेवावं लागतं, आणि इतका वेळ दिला की फिल्म मंदावते, मोजून आलेल्या वेळेपेक्षा बराच जास्त द्यावा लागतो. तो वेळ कार्डाच्या पाठीवर लिहिला तर पुढच्या माणसाला उपयोगी पडतो.

कुणाकडे कॅमेराच नसेल तर? तरीही कार्ड होतं. हर्शेल यांनीच १८४२ साली निळ्या छापाची पद्धत काढली, सायनोटाइप. लोहाचा एक क्षार आणि पोटॅशियम फेरिसायनाइड पाण्यात कालवून जाड चित्रकलेच्या कागदावर मंद उजेडात ब्रशनं लावायचं, अंधारात वाळवायचं, वर पान किंवा निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं, आणि साध्या पाण्यात धुवायचं. पाण्यात हिरवट-पिवळा भाग निघून जातो आणि गडद निळा उरतो. ॲना ॲटकिन्स यांनी १८४३ पासून समुद्रशेवाळांचे असे छाप काढून पुस्तक बांधलं. फोटोंनी सजलेलं ते पहिलं पुस्तक मानतात. मुरूडच्या किनाऱ्यावर ओहोटीला मिळणारं शेवाळ, तळगडाच्या वाटेवरची नेची, जाळीदार झालेली पिंपळपानं, सगळं यात उतरतं. हल्ली पुष्कळ जण मोबाइलवरचा फोटो उलट्या छटांत पारदर्शक कागदावर छापून त्याची निगेटिव्ह करतात आणि तिच्यावरून निळं किंवा चांदीचं कार्ड काढतात. काही जुन्या हौशींना ही तडजोड वाटते. मला वाटत नाही. कागदावर पडणारा प्रकाश आणि तो धुणारे हात तेच असतात.

उघडं पाठवावं की पाकिटात घालून, हा या मंडळींतला जुना वाद. पाकिटात चित्र सुरक्षित राहतं. उघड्या कार्डावर शिक्का बसतो, कोपरा दुमडतो, यंत्राचे ओरखडे उठतात. मी उघड्याच्या बाजूचा आहे. ते कार्ड आहे, तेव्हा त्यानं टपालातून कार्ड म्हणूनच जावं. एक मात्र पाळावं. तिकीट लावण्याआधी ते पोस्टात खिडकीवर दाखवून दर विचारून घ्यावा, कारण साध्या कार्डाचा, छापील कार्डाचा आणि परदेशी कार्डाचा दर वेगवेगळा असतो. पत्त्याखाली पिनकोड ठसठशीत लिहावा. ही सहा आकड्यांची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी टपाल अधिकाऱ्यानं, संस्कृत पंडितानं, घडवली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती लागू झाली. तळ्याकडे येणाऱ्या कार्डावर सुरुवातीचे आकडे ४०२ असतात. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मिळून झालेला टपाल विभाग. जगाच्या कुठल्याही पोस्टातून निघालेलं कार्ड एकदा भारतात आलं की या आकड्यांच्या आधारानं अचूक तळ्याच्या वाटेला लागतं.

फेरी लावायचीच असेल तर कोकणासाठी तिचं वेळापत्रक वेगळं हवं. फोटो काढायचे तुळशीच्या लग्नानंतर, हवा कोरडी झाली की. छपाई डिसेंबर-जानेवारीत, तेव्हा पाणी आपोआप थंड असतं. ही चांदीची कार्डं टपालात टाकायची शेवटची तारीख फेब्रुवारीअखेर. निळ्या छापाची कार्डं मार्च-एप्रिलच्या कडक उन्हात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत छपाई बंद ठेवायची आणि आलेली कार्डं कोरड्या डब्यात, फोटोची बाजू एकमेकींना लागणार नाही अशी, उभी लावायची. पाठीवर शिसपेन्सिलीनं चार गोष्टी लिहायच्या: जागा आणि तारीख, फिल्म व दिलेला वेळ, कागद व डेव्हलपर, आणि एकोणिसांपैकी हे कितवं.